हॅम्प्टनचे लहान चर्च, मोठा निकाल

संपादक महोदय,

गावातल्या छोट्या चर्चचा इतिहास म्हणजे पायाभरणीची तारीख आणि पाद्रींची यादी, असे समजून तो बाजूला ठेवला जातो. मला हे पटत नाही.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातले हॅम्प्टन हे असेच छोटेसे गाव. तिथल्या झायन लुथरन मंडळीची (म्हणजे प्रोटेस्टंट लुथरन पंथाच्या स्थानिक चर्च-समुदायाची) स्वतःची शाळा होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन भाषेविषयी इतका राग होता, की 1919 मध्ये राज्याने आठवी उत्तीर्ण होण्याआधी मुलांना कोणतीही परभाषा शिकवण्यावर बंदी घातली. शिक्षक रॉबर्ट मेयर यांनी 1920 मध्ये दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलच्या कथा वाचायला शिकवल्या. एवढ्यावरून 25 डॉलर दंड! (घरची भाषा देवाच्या गोष्टींसाठीही नको, हे वाचून आजही जीव तुटतो.)

मेयर दंड भरून मोकळे झाले नाहीत, ते लढले. 4 जून 1923 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पालकांच्या हक्कांच्या खटल्यांत तो आजही उद्धृत होतो.

गावोगावच्या मंडळींच्या जुन्या नोंदवह्या जपा, त्या नीट वाचा, एवढीच कळकळीची विनंती.

– एक वाचक