सर्च बॉक्समधली एंटरची कळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवे ॲप वापरताना माणूस बहुधा आधी सर्च बॉक्सकडेच वळतो. पण टाइप करणाऱ्याच्या हाताखाली कीबोर्ड कसा वागेल, याचा विचार तिथेच सर्वांत कमी झालेला दिसतो, म्हणून हे पत्र.

मी मराठी उच्चारानुसार टाइप करतो. या पद्धतीत रोमन अक्षरे दाबत गेले की शब्द अधोरेखित दिसतो आणि समोर आलेल्या पर्यायांपैकी हवा तो एंटर दाबून पक्का करता येतो. त्या क्षणी एंटरचा अर्थ ‘हा शब्द घे’ एवढाच असतो. कित्येक ॲप मात्र त्याच एंटरला ‘शोध सुरू कर’ असे समजतात, त्यामुळे पहिल्याच शब्दावर पान बदलते आणि तीन शब्द लिहायचे तर पुन्हा पुन्हा मागे यावे लागते. जपानी आणि चिनी टाइप करणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. शब्दाची जुळणी अजून चालू आहे की संपली, हे ब्राउझर कळीच्या प्रत्येक दाबासोबत प्रोग्रामला कळवतो. ती खूण तपासायला जेमतेम एक ओळ पुरते. केवळ इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला त्या ओळीची गरजच जाणवत नाही, हे खरे दुखणे आहे.

सूचनांच्या यादीचेही तसेच. यादीतली पहिली सूचना आपोआप निवडून ठेवलेली असते आणि एंटर दाबता दाबता यादी बदलली की भलतेच उघडते. वापरणारा खालच्या बाणाने स्वतःहून यादीत उतरला नसेल, तर एंटरने त्याने लिहिलेलेच शोधावे. माउस न वापरणाऱ्यांसाठी तर कीबोर्ड हाच एकमेव रस्ता असतो. सर्व क्रिया कीबोर्डने करता याव्यात, ही अपेक्षा वेबच्या सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून नोंदलेली आहे.

कीबोर्डगणिक अक्षरेही वेगळी उमटतात. ‘ॲप’ हाच शब्द घ्या. त्यातल्या ‘ॲ’ला युनिकोडने (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने) २००८ मध्ये स्वतंत्र स्थान दिले, पण काही कीबोर्ड अजून ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, आणि समोर असलेली गोष्टही ‘सापडली नाही’ असे उत्तर येते. फोनचा कीबोर्ड शब्दापुढे आपोआप जी मोकळी जागा सोडतो, तिच्यामुळेही काही ठिकाणी हेच घडते.

ॲप बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, नवी आवृत्ती देण्यापूर्वी रोज मराठीत टाइप करणाऱ्या एखाद्या व्यक्तीला माउस बाजूला ठेवून त्यात तीन शब्दांचा शोध घ्यायला सांगावे आणि तिला कुठे कुठे थांबावे लागते ते शेजारी बसून पाहावे.

आपला,
एक वाचक