बाजू संपेपर्यंत

प्रिय लेका,

अनेक आशीर्वाद.

रेकॉर्ड प्लेयर घेतल्याचं तू कळवलंस आणि विचारलंस, "आई, यावर काय काय ऐकू?" तेव्हा मी चार नावं सांगितली, पण मनात आलेलं बाकीचं सगळं फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. काय ऐकायचं ते तुझं तू शोधशीलच. मला लिहायचंय ते कसं ऐकायचं आणि कुणाबरोबर, याबद्दल. माझे कान घडले ते मित्रमैत्रिणींमुळे, आणि ते कसे घडले हे तुला कधी नीट सांगायचं झालंच नाही.

शाळेची शेवटची आणि कॉलेजची सुरुवातीची वर्षं. आमच्या घोळक्यात एकीच्याच घरी प्लेयर होता. सुटकेसएवढी पेटी, झाकण उघडलं की झाकणातच स्पीकर. तिच्या वडिलांच्या दोन अटी होत्या. तबकडी कडेनेच धरायची, खाचांना बोट लागता कामा नये. आणि सुई टेकवणार फक्त त्यांची मुलगी. ती ज्या हलक्या हाताने सुई उतरवायची ते मला अजून दिसतं. आधी नुसती खरखर, मग क्षणभर काहीच नाही, मग तंबोरा. त्या खरखरीतच आमची बडबड आपोआप थांबायची.

बोलायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता. खोलीत कुणी धपधप चाललं की सुई उडायची, म्हणून सगळे बसून राहायचो. एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, एक बाजू साधारण वीस मिनिटांची. मधलं एखादं गाणं आवडलं नाही म्हणून उठून पुढे ढकलावं, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. त्यामुळे न आवडलेली गाणीही आम्ही पुरती ऐकली, आणि त्यातली कितीतरी पुढे सगळ्यांत जवळची झाली.

खरी मजा बाजू संपल्यावर. सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरत राहायची आणि सगळे एकदम बोलायला लागायचे. ऐकताना वाटायचं, प्रत्येकाने वेगळीच रेकॉर्ड ऐकली की काय! मला शब्द ऐकू यायचे, फक्त शब्द. एखादी ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा तिचा अर्थ कसा फिरतो, ते मी सांगायचे. तबला शिकणाऱ्या मित्राला शब्द आठवायचेही नाहीत. "अंतऱ्याआधी त्याने एक मात्रा मोकळी सोडली, ऐकलंत?" हे त्याचं. गाणं शिकणारी मैत्रीण एकाच निषादाबद्दल, म्हणजे 'नी' या स्वराबद्दल, बोलत बसायची, तो किती वेळ धरला आणि सोडताना कसा हळूच सोडला. आणि एक मुलगा असा होता की त्याला ना गाता यायचं ना वाजवता, पण आमच्यात सगळ्यांत तयार कान त्याचे. त्याला मागचं ऐकू यायचं. ओळ उचलण्याआधी गायिकेने घेतलेला श्वास. सारंगीचा गज उलटा फिरताना होणारी बारीक खसखस. कुणीतरी हलकेच दिलेली दाद.

मग "पुन्हा लाव" असा गलका व्हायचा. तीच बाजू परत. या वेळी मी तो श्वास शोधत बसायचे, आणि सापडला की अंगावर काटा यायचा. असा श्वास एकदा ऐकू आला की त्या गाण्यातून तो पुढे कधीच जात नाही. आजही कुठलंही नवं गाणं कानावर पडलं की ठेका मी त्या मित्राच्या कानांनी ऐकते आणि निषाद त्या मैत्रिणीच्या. आम्ही कितीतरी दूर दूर गेलो, पण ही वाटणी तशीच राहिली.

आमच्या एका लाडक्या रेकॉर्डवर कडेपासून आतपर्यंत ओरखडा होता. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. तेवढ्या अंतराने टक, टक, टक. इतरांना त्याचा राग यायचा, तबलेवाल्याला मात्र त्यात हिशोब दिसला. मांडीवर ताल धरून तो ती टकटक मोजत बसायचा. ती लयीच्या आत यायची, बाहेर पडायची, आणि संथ विलंबित सरल्यावर एका जागी बरोब्बर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडायची. ती जागा आली की आम्ही सगळे एकदम मान हलवायचो.

ज्याला मागचं ऐकू यायचं, त्यानेच एकदा सांगितलं की बाजूचं शेवटचं गाणं पहिल्याइतकं स्वच्छ लागत नाही, 'स' आणि 'श' फाटतात. आम्हाला ते खरंच वाटेना. पुढे कळलं की त्याचं बरोबर होतं. तबकडीचा वेग सारखाच असतो, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटरच्या आसपास खाच सरकते आणि आतल्या टोकाला जेमतेम २०. तेवढाच आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबावा लागतो, आणि बारीक, तीक्ष्ण आवाजांना त्याचा फटका आधी बसतो. कारण त्याला ठाऊक नव्हतं, ते नुसत्या कानांनी त्याला सापडलं होतं. मला याचं आजही फार कौतुक वाटतं.

कधी वेगाचा खटका ४५ वर राहिलेला असायचा. एलपी तशीच लागली की गायिका घाईघाईने आणि चढ्या आवाजात गायला लागायची. गाणं शिकणारी लगेच म्हणायची, "सा मध्यमाच्याही जरासा वर गेलाय." हिशोब करून बघ, अगदी तसंच येतं.

त्या घरात आजोबांच्या वेळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जड तबकड्याही होत्या, लाखेच्या. त्यांच्यासाठी सुईची दांडी उलटी फिरवून जाड सुई खाली आणावी लागे, कारण त्यांची खाच रुंद. हातातून पडली की तुकडेच, म्हणून त्या क्वचितच निघायच्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात आलापापासून तानेपर्यंत सगळं. त्यातल्या एक-दोन फार जुन्या तबकड्यांवर गाणं संपताना गाणारे स्वतःचं नाव सांगायचे. गायिका गौहरजान यांच्या १९०२ मधल्या ध्वनिमुद्रणातही असंच नाव ऐकू येतं. ते नाव येईपर्यंत आम्ही श्वास रोखून बसायचो. गाताना एवढी मोठी वाटणारी व्यक्ती नाव सांगताना एकदम माणूस व्हायची, आपल्या खोलीत आलेली.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अंतराळात पाठवली गेली. तिच्यावर जगभरच्या संगीतात गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ती मिनिटाला १६ आणि दोन तृतीयांश फेऱ्यांनी वाजवायची. सोबत सुई दिली आहे आणि ती कशी लावायची याची चित्रं कोरली आहेत. हे कळल्यावर गाणं शिकणाऱ्या मैत्रिणीने मला लिहिलं होतं, "ती कुणाला मिळालीच तर ऐकायला निदान दोघं तरी असोत." मला तिचं म्हणणं तंतोतंत कळलं. एकट्याने ऐकलं तर तो निषाद दाखवायचा कुणाला?

म्हणून तुला सांगते, नवी रेकॉर्ड पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकू नकोस. हेडफोन मलाही आवडतात, पण ते नंतरचे. तुझ्या कामावरचा तो मुलगा गिटार वाजवतो म्हणालास ना, त्याला बोलाव. वरच्या मजल्यावरच्या त्या शांत मुलीलाही बोलाव, तिला संगीतातलं काही कळत नसलं तरी, नव्हे, म्हणूनच. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एक बाजू पूर्ण ऐका आणि मगच बोला. तू ड्रमच्या मागे धावणार हे मला माहीत आहे, लहानपणी डबे वाजवायचास तेव्हापासून. त्या दोघांनी काय ऐकलं ते मला सविस्तर लिही. तीच बाजू मी इथे लावून बघेन.

सुई जपून वापर, शेकडो तासांनंतर ती झिजते आणि मग खाचही खराब करते. रेकॉर्डी उभ्या ठेव, एकावर एक रचू नकोस, नाहीतर वाकतील. धूळ पुसताना ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरव, आडवा नको.

जेवणखाण वेळेवर कर.

तुझी,
आई

ता. क. फोटोत प्लेयर आणि स्पीकर एकाच फळीवर दिसले. ते वेगळे कर. स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोचते आणि आवाज वाढवला की सगळं घुमायला लागतं.