पावसाळाभर शनिवारी येणार नाही

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
सा. न.

फोनवर आई एकदम गप्प झाली, म्हणून लिहायला बसले. या पावसाळ्यात शनिवार-रविवार चोपड्याला न येता मी सातपुड्यात पाल गावी राहणार आहे. खोली घेतली, भाडंही देऊन टाकलं. घरमालकीण शेजारीच राहतात, पाणी आहे, रात्रीची गरम भाकरी त्याच देतात. अंधारात जंगलात हिंडायचा तर प्रश्नच नाही. ओट्यावर पांढरी चादर बांधायची, समोर दिवा लावायचा आणि येईल त्या पतंगाचे फोटो काढायचे.

आप्पा, तुमच्या लेखी पतंग म्हणजे बोंडअळीची आई. पण टसर रेशमाच्या पतंगाची अळी ऐन, अर्जुन, बोर यांचा पाला खाते. तुमच्या कपाशीला तिचा त्रास नाही. उन्हाळाभर कोश फांदीला लटकून राहतो, पाऊस पडला की पतंग बाहेर येतो आणि जेमतेम आठवडाभर जगतो. ‘दिवाळीनंतर जा’ म्हणालात, पण तेव्हा जाऊन कसं चालेल?

परवा टसरचा नर आला, तुमच्या पंजाएवढा. चारही पंखांवर एकेक गोल, गोलात पारदर्शक खिडकी; तिच्यातून मागच्या चादरीचे धागे दिसत होते. आई, त्याला खाताच येत नाही गं. अळी असताना पोटात गेलं त्यावरच सगळं निभवायचं. तापात मला चिऊ-काऊचे घास करून मऊ खिचडी भरवायचीस ना, तेच आठवत बसले.

नर मादीच्या वासावर लांबून येतात, दिव्यापाशी अडकले तर जोडीच जमत नाही. म्हणून मी लवकर दिवा मालवते. माझीही झोप होते, काळजी नको.

तुम्ही शनिवारी वाट बघता, मला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी फोन करीन.

आता ऐका. रात्रीची लाईट आली तरी मोटार चालू करायला आप्पांनी जायचं नाही. सालदाराला पाठवा, त्यालाही बूट आणि बॅटरी द्या. बीपीची गोळी जेवणाच्या नादात विसरू नका. बांधावरची बोर तोडायची नाही. फांदीला देठाने लटकलेला टणक कोश दिसला तर हात न लावता मला फोटो पाठवा. आई, ओल्या अंगणात चप्पल घाल.

पोळ्याला नक्की येते. मांडे मी आल्यावरच करू, एकटीने खापरापुढे बसू नकोस.

तुमची,
बेबी