गुन्हेगार सापडल्यानंतरची पानं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला रहस्यकादंबऱ्यांवरचा लेख वाचला. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांचा उल्लेख वाचून शाळेतले दिवस आठवले. मात्र खून आणि पुरावे हाच खरा ऐवज, घरातले रुसवेफुगवे म्हणजे पानं भरायची सोय, हे लेखकाचं म्हणणं मला पटलं नाही.

गेल्या महिन्यात करवीर नगर वाचन मंदिरातून (१८५० सालचं आमचं ग्रंथालय) एक रहस्यकादंबरी आणली. नाव देत नाही, वाचणाऱ्याची मजा जाईल. वडिलांच्या मृत्यूवरून भावा-बहिणीत वीस वर्षं अबोला. खुनी कोण ते मला निम्म्यातच कळलं, तरी पुस्तक खाली ठेववेना. त्या भावाच्या जागी मला मीच दिसत होतो.

सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. मला ते ठाऊक होतं. तरी २००८ साली अक्काला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. माहेर तुटायला नको म्हणून ती गप्प राहिली. फोटोसाठी तिनं पदर सारखा केला, पिशवीतून चष्मा काढला, आणि कागद न वाचताच सही केली. पायरी उतरताना म्हणाली, "झालं न्हवं आता तुझं?" त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही, मी भाऊबीजेला गेलो नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कुरुंदवाडला महापुरानं वेढलं. अक्काचं घर तिथंच. मी टीव्हीवर होड्या बघत बसलो होतो, फोन हातात होता. लावला नाही.

यात खून नाही. कायद्याच्या भाषेत गुन्हाही नाही, सही तिचीच आहे. अशी घरं आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत आणि तिथं कुठला डिटेक्टिव्ह येत नाही. ते काम कादंबरीच करू शकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या कादंबरीबद्दल माझी तक्रार एकच. शेवटच्या चार पानांत बहीण भावाला माफ करते, दोघं रडतात, संपलं. पुस्तक मिटल्यावर दुसऱ्या दिवशी मी कुरुंदवाडची एसटी धरली. अक्कानं चहा दिला, जेवायला वाढलं. तुझ्या हिश्शाचं बक्षीसपत्र करून देतो म्हणालो, तर भाकरी मोडत म्हणाली, "ते बघू मागनं. पाणी आलं तवा कुठं हुतास?" मला उत्तर देता आलं नाही. भाकरी तशीच हातात राहिली.

रहस्यकथा लिहिणाऱ्या नव्या मंडळींना आपल्या पुरवणीतून एवढं कळवा, की गुन्हेगार सापडल्यावर अजून वीस-पंचवीस पानं लिहा. येत्या गुरुवारी मी पुन्हा कुरुंदवाडला निघालोय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर