क्लबची ट्रंक तुझ्याकडे देताना

बेळगाव,
मृगाचा पहिला आठवडा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर विचारलंस की लेक नुसतं मेस्सी मेस्सी करतोय, त्याला आपल्या फुटबॉल क्लबची गोडी कशी लावायची. फोनवर बोलून भागणार नाही म्हणून लिहितो. शिवाय या पावसाळ्यापासून ट्रंक तुझ्याकडे येते, तेव्हा आत काय आहे आणि कशाला आहे तेही सांगून टाकतो. एकाचं उत्तर दुसऱ्यातच आहे.

पहिलं म्हणजे त्याचा तो टी-शर्ट काढायला लावू नको. मेस्सी 2021 ला बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, 2023 ला मायामीला. म्हणजे तुमच्या घरात तीनदा नवा शर्ट आला असेल. येऊ दे. टीव्हीतला क्लब त्याला कधी "ए, जरा दोरी धर" म्हणणार नाही. आपण म्हणू शकतो, आणि आपल्याकडं द्यायला तेवढंच आहे.

सात वर्षांच्या पोराला नव्वद मिनिटं कट्ट्यावर बसवलंस तर विसाव्या मिनिटाला ते खडे गोळा करायला लागतं. त्याला काम दे. यंदा पाणी त्याच्याकडं. एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू. हे त्यानंच मोजून घालायचं, मोठ्यांनी मुठीनं टाकायचं नाही. मीठ जास्त झालं तर पोरं पीत नाहीत आणि प्यायली तर मळमळतं. पुढच्या वर्षी मैदान आखायच्या दोरीचं टोक. नववं लागलं की गोलमागं उभं राहून बॉल आणून देणं. बाराव्या वर्षी हजेरीची वही. पंधरा-सोळाव्या वर्षी तो महिना दोन महिने फिरकणार नाही, सगळेच फिरकत नाहीत. तेव्हा मागं लागू नको. फक्त त्याचं काम कायमचं दुसऱ्याला देऊन टाकू नको.

खेळायला त्याला आत्ता तीन नंबरचा बॉल दे. आठ-नऊ ते बारा वर्षांपर्यंत चार नंबर, म्हणजे 350 ते 390 ग्रॅमचा, आणि मग पाच नंबर, 410 ते 450 ग्रॅमचा. हौसेनं मोठा बॉल दिला की छोट्या पायाला तो जड जातो. मग पोरं पायाच्या आतल्या बाजूनं मारायचं सोडून बोटानं ढुसतात, आणि ती खोड मोडायला पुढं दोन हंगाम जातात.

आता ट्रंक. वरच दोन दोऱ्या आणि पन्नास मीटरची फायबरची टेप आहे. मैदान आखणं हे क्लबचं खरं काम, कारण संघ नसला तरी ते शिकवता येतं. आपण 100 बाय 60 मीटर आखतो. नियमात लांबी 90 ते 120 आणि रुंदी 45 ते 90 बसते. लांब दोरीला 9, 12 आणि 15 मीटरच्या अंतरांनी तीन गाठी आहेत, एकूण 36 मीटर. आधी एक लांब बाजू ताणून घ्यायची, कोपऱ्यात खुंटी मारायची, आणि तिघांनी तीन गाठी धरून त्रिकोण ताणायचा. 9 आणि 12 च्या बाजू जिथं मिळतात तो काटकोन. चारी खुंट्या मारून झाल्या की दोन्ही कर्ण मोजायचे; 100 बाय 60 ला कर्ण 116 मीटर 62 सेंटीमीटर भरतो. वीतभर फरक असला तर सोड, हातभर असला तर पुन्हा पहिल्यापासून. टेप पन्नासचीच आहे, म्हणून कर्ण तीन टप्प्यांत मोजावा लागतो, आणि प्रत्येक टप्प्याला टेप सरळ रेषेत आहे का ते मागं उभं राहून कुणीतरी बघायचं. नेमकं तिथंच चुकतं. नायलॉनची दोरी जोरात ओढली की लांबते आणि सुतळी भिजली की आखडते, म्हणून गाठी दर वर्षी पहिल्या पावसाआधी टेपला लावून तपासायच्या.

छोट्या दोरीला तीन रंगीत चिंध्या आहेत. पांढरी 9.15 वर, मधल्या वर्तुळासाठी. तांबडी 11 वर, पेनल्टीच्या ठिपक्यासाठी. निळी 16.5 वर, पेनल्टीच्या चौकटीसाठी. निळी धरताना माप गोलपोस्टच्या आतल्या कडेपासून घ्यायचं. नवीन पोरं खांबाच्या मध्यापासून घेतात आणि चौकट दोन्हीकडं जास्त रुंद होते. चौकटीबाहेरची कमान गोलरेषेवरून नाही, पेनल्टीच्या ठिपक्यावरून पांढऱ्या चिंधीनं मारायची. गोल 7.32 बाय 2.44. रेघ 12 सेंटीमीटरपेक्षा जाड नको.

सगळ्या रेघा एकत्र केल्या तर पावणेसातशे मीटर भरतात, म्हणजे पन्नास किलोचं दीड पोतं फक्की लागते. फक्की म्हणजे दगडाची पूड, रांगोळीची. चुना स्वस्त मिळतो म्हणून कुणी आणला तर पोतं परत पाठव. ओल्या मैदानावर चुना कातडी पोळतो, आणि गोलकीपरनं तोंडावर पडून डोळ्यात घेतला तर नजर जाऊ शकते. गेलाच डोळ्यात तर चोळू द्यायचं नाही, लगेच साध्या पाण्याची धार धरायची, वीस मिनिटं तरी, आणि त्या वेळातच दवाखान्याला न्यायला गाडी बोलवायची.

आपली माती तांबडी, हे विसरून कुणीही मैदान सांभाळायला जाऊ नये. वरून पाव इंच साबणासारखं आणि खाली दगड. गोलपुढं तळं साचलं की लोक त्यावर वाळू ओततात. त्यानं नुसतं लापशी होते. आधी फावड्यानं चर काढून पाणी बाहेर घालवायचं, मग चिखल खरवडून काढायचा, मग चाळलेली कोरडी माती दोन-दोन इंचांच्या थरांनी भरायची आणि प्रत्येक थर धुम्मसानं बसवायचा. रोलर फिरवायचा तो पाय दाबल्यावर पाणी वर आलं नाही तरच. ओल्यात फिरवला तर माती आवळते आणि पुढच्या पावसाला पाणी मुरतच नाही. बुटांचंही तसंच. चिखलात लांब स्टड चालतात. दिवाळीनंतर त्याच बुटानं कडक मैदानावर खेळलं की टाचा दुखतात आणि घोटा मुरगळतो. बूट उन्हात वाळवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबायचं, तासाभरानं बदलायचं.

जर्सीवर तुझी आई एक गोष्ट हटकून सांगेल, ती ऐक. तांबड्या मातीचा डाग ओला असताना घासायचा नाही. चिखल पूर्ण वाळू दे, झटक, ब्रशनं काढ, मग थंड पाण्यात तासभर भिजव. ब्लीच तर अजिबात नको. या मातीचा तांबडा रंग लोखंडाचा, आणि ब्लीचनं लोखंडाचा डाग उलट पक्का बसतो. राहिलेल्या डागाला लिंबू आणि मीठ. नंबर छापलेली बाजू आत करून धुवायची. ट्रंकेत अठरा जर्सी आहेत, गोलकीपरच्या दोन वेगळ्या रंगाच्या. धुवायला एकेक घरी देतेस तेव्हा वहीत नंबर लिहून दे. सात नंबर कायम कुठंतरी राहतो.

नंबरवरून आठवलं. आज्जा या क्लबात, बाप या क्लबात, म्हणून पोराला अकरात जागा, हे सुरू झालं की क्लब संपला म्हण. क्लब वारशानं येतो, जागा येत नाही. ज्याचा मुलगा किंवा मुलगी निवडीत आहे त्या कार्यकारिणीच्या माणसानं त्या बैठकीत बसायचं नाही. हे ठरावाच्या वहीत लिहिलेलं आहे, पान दाखव. तुझ्या लेकाची पाळी आली की तूही बाहेर. आणि मुलींचा संघ काढायचं तुझ्या मनात आहे ते चांगलंच आहे, पण कपडे बदलायची जागा आधी ठरव, जर्सी नंतर शिव. मुली खेळ सोडतात त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

गोलपोस्ट मैदानाच्या भांडारात आहेत. लोखंडी पाइप जमिनीला टेकतो तिथंच आतून गंजतो. हातोडीनं ठोकून बघ, आवाज भसाडा आला तर तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. नुसता रंग मारून झाकायचं नाही. आधी रेड ऑक्साइड, मग पांढरा. छोट्या पोरांचे हलवायचे गोल मागून मेखांनी किंवा वाळूच्या पोत्यांनी जखडल्याशिवाय सरावसुद्धा नको. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि अख्खा गोल अंगावर येतो. जाळी तुळईला टांगून ठेव, जमिनीवर गुंडाळली की उंदीर आत घर करतात.

कागदपत्रांची निळी फाइल. नोंदणी कर्नाटकाच्या 1960 च्या सोसायटी कायद्याखालची, त्याला किमान सात सभासद लागतात. सभा झाली की कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधकांकडं वेळेत भरायचे. अर्ज कन्नडमध्ये भरला की टेबलं लवकर सरकतात, तुझं कन्नड माझ्यापेक्षा बरं आहे. पोरांची नोंद फेडरेशनच्या ऑनलाइन यादीत करताना नाव बघ. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर नाव, वडलांचं नाव, आडनाव. दुसऱ्या कागदावर आडनाव गायब आणि वडलांचं नुसतं आद्याक्षर. दोन कागदांवर दोन नावं असली की अर्ज अडकतो, आणि तो अडकल्याचं सामन्याच्या आदल्या रात्री कळतं. मे महिन्यातच सगळ्यांचे दाखले मागून घे. नावाच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड हा 2024 चा कायदा आहे, स्पर्धेचा फलक छापतानाही तो धरूनच मजकूर दे. ऐनवेळी फलक उतरवायला लागण्यापेक्षा बरं. मैदानात काय, "पास कोडो" आणि "पास दे" एकाच दमात चालतं, बॉलला दोन्ही कळतं.

वर्गणी भाद्रपदात मागायला जाऊ नको. गल्लीतल्या गणपतीचं पावती पुस्तक फिरत असतं, त्याच्या मागून आपलं गेलं की लोक दार ओढून घेतात. दसऱ्यानंतर जा. घरटी रक्कम लहान ठेव आणि पावती दारातच फाड. एका घरून मोठी रक्कम येत असली तर निम्मीच घे, हे जरा कडू वाटेल. पण एकाच मालकाच्या पैशावरचे मोठे संघ बघ: जेसीटी, पंजाबातल्या कापड गिरणीचा, 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, 2011 ला बंद. महिंद्रा युनायटेड त्याच्या आदल्या वर्षी, 2010 ला. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग 2016 ला आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या लीगमधून, बाहेर पडले, आणि पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेलं धेंपोही. मैदानावर हरून यातलं कुणी गेलं नाही. वरच्या एका टेबलावर निर्णय झाला आणि संपलं. तिकडं कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं. तालीम पेठेची, म्हणून संघ पेठेचा, आणि तो कुणाला विकता येत नाही. त्यांच्याकडून ते घे. तिथली ईर्षा कधी कधी हातघाईवर येते, तेवढी मात्र घेऊ नको. आपल्या पोरांना सामन्याच्या आधीच सांग, पंचाला शिवी दिली की पुढच्या सामन्याला बाहेर, मग तो कुणाचा का असेना.

लेकाला शाहू स्टेडियमवर एकदा ने, ईर्षेचा सामना बघायला. पण आधी इथं एक मैदान पूर्ण आखून झालं पाहिजे त्याच्या हातनं.

ट्रंकेची किल्ली तुझ्या आईकडं, देवघराच्या फळीवर. दुसरी किल्ली गल्लीतल्याच पण आपल्या घराबाहेरच्या माणसाकडं असली पाहिजे, कोणाकडं ते तू ठरव.

तुझा
आप्पा

ता. क. हवा भरायची सुई डबीत आहे, शेजारी ग्लिसरीनची बाटली. सुई बुडवूनच घालायची. कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो, आणि मग नवा बॉलसुद्धा रात्रीत बसतो.