लॅपटॉप काकूंकडे फिरवणाऱ्या पोरास

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण महिना झाला तरी ती दुपार डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्याआधी तिघं जण आमच्या हार्डवेअरच्या दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायला येऊन गेले. तिघांनीही लॅपटॉप माझ्यासमोर उघडला, रंगीत आलेख दाखवले आणि हिच्याकडे पाणी मागितलं. दुकानातलं एकूण एक बिल हीच करते, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, म्हणजे चूक माझीही. त्यातल्या एकाचं १८ हजारांना घेतलं. वायरचं बंडल ९० मीटरचं, गिऱ्हाईक मागतं १२ मीटर; त्या सॉफ्टवेअरला फक्त बंडल कळायचं. मग ही दिवसभर हाताने बिलं लिहायची आणि रात्री कॉम्प्युटरला काहीबाही भरवायची. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दर बदलून द्या म्हणून फोन केला. उत्तर मिळालं, "तुमची एएमसी संपलीय, आधी रिन्यू करा." एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं आणि आम्ही कॅल्क्युलेटर बडवतोय!

तू डेमो सुरू केलास आणि दोन मिनिटांत थांबलास. "काका, बिलं कोण करतं?" मी हिच्याकडे बोट दाखवलं. तू लॅपटॉप तिच्याकडे फिरवलास, स्टूल ओढून शेजारी बसलास. "काकू, कालचं बिलबुक काढा. तुमचीच बिलं करून बघू." बस, एवढंच. तिने बारा मीटर वायरचं बिल केलं, परत आलेल्या पाइप-एल्बोंचं केलं, उधारीचं केलं. खिळ्यांपाशी अडलं, तर "हे यात नीट होत नाही" असं सरळ सांगितलंस. वर मलाच म्हणालास, "मोठं पॅकेज घेऊ नका. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला लागतं, तुम्हाला कशाला?" तीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, विकायला आलेल्या माणसाने 'स्वस्तातलं घ्या' म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं. सचोटी म्हणतात ती काही वेगळी नसावी.

परवा तेच वायरवालं गिऱ्हाईक पुन्हा आलं. हिने मान वर न करता बिल काढलं आणि त्यालाच विचारलं, "बारा की पंधरा?"