काउंटर काढू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी बोललीस. एक, इंग्लंडमधल्या खेड्यातला जुना पब घेऊन तुम्ही जे घर केलंय, त्याच्या पुढच्या खोलीतलं काउंटर काढलं तर हॉल ऐसपैस होईल. दुसरी तू आवाज उतरवून सांगितलीस, की गावातल्या एका आजींनी 'आमचा पब घेतला ती हीच' अशी तुझी ओळख करून दिली आणि ते तुझ्या मनाला लागलं. घाईघाईत काहीतरी बोलण्यापेक्षा सावकाश लिहावं असं वाटलं.

काउंटरचं आधी. तुमचं घर ग्रेड टू यादीतलं, म्हणजे जतन करायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं आहे. अशा इमारतीला आतूनही संरक्षण असतं. पक्कं बसवलेलं जुनं काउंटर, शेकोटीशेजारचा उंच पाठीचा बाक, दारावरची नक्षीची काच, यातलं काहीही काढायचं तर कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाची, लेखी संमती लागते. संमतीशिवाय हात लावला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. पबचं घर करायची परवानगी मिळाली म्हणजे हीसुद्धा मिळाली, असं जावईबापू धरून चालले होते. त्या दोन परवानग्या वेगवेगळ्या. बिल्डर 'चालतं हो' म्हणाला तरी ऐकू नका.

आता त्या आजींचं. त्यांचं दुःख खरं आहे. गावातला शेवटचा पब गेला की हिवाळ्याच्या संध्याकाळी एकट्या माणसाला दिवा लागलेली, चार माणसं बसलेली जागा उरत नाही. पण तो तुम्ही बंद पाडलेला नाही. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पबचं घर करायला परवानगी घ्यावीच लागते, आणि पब म्हणून चालवायला कुणी पुढे येतंय का, याचा शोध घेतलात का, हे कौन्सिल विचारते. तुमच्या आधीच्या मालकांनी तो शोध घेतला होता. २०११ च्या कायद्यानं गावालाही विक्री सहा महिने थांबवून स्वतः बोली लावायची सोय आहे. तुमच्या गावानं प्रयत्न केला, पैसे जमले नाहीत.

खेड्यातले पब बसले त्याची कारणं जुनी आहेत. १९६७ मध्ये गाडी चालवणाऱ्याच्या श्वासाची तपासणी सुरू झाली, तेव्हापासून लांबच्या शेतावरून येणारं गिऱ्हाईक हात आखडू लागलं. पुढे सुपरमार्केटात बिअर स्वस्त झाली, २००७ मध्ये आत सिगारेट ओढायला बंदी आली. मला विचारशील तर १९८९ चा सरकारी आदेश सगळ्यांत जड गेला. मोठ्या बिअर कंपन्यांची मक्तेदारी मोडावी म्हणून त्यांना हजारो पब हातातून सोडायला लावले. ते गेले कुणाकडे, तर नव्या मालमत्ता कंपन्यांकडे. त्या भाडंही घेणार आणि बिअरही आमच्याकडूनच, आमच्या भावानं घ्या म्हणणार. चालवणारं नवरा-बायकोचं जोडपं त्यात पिळून निघालं. हे सगळं होत होतं तेव्हा तू इथे जालन्यात शाळेत जात होतीस.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही. तू पाठवलेल्या कागदांत १८५१ च्या शिरगणतीची नक्कल आहे, ती मी भिंग घेऊन वाचली. घरधन्याच्या नावापुढे धंदा लिहिलाय: चाकं बनवणारा सुतार, आणि बिअर विक्रेता. खाली बायको आणि पाच मुलं. म्हणजे घर त्यांचं राहतं होतं आणि पुढची एक खोली लोकांना उघडी होती. १८३० च्या कायद्यानं कर भरणाऱ्या कुणाही घरमालकाला दोन गिनींचा (दोन पौंडांहून थोडा जास्त) परवाना काढून आपल्याच घरी बिअर तयार करून विकता येऊ लागली. लोहार, सुतार, विधवा बायका, अशा हजारो जणांनी परवाने काढले आणि घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकं टाकली. तेव्हा तुम्ही पबमध्ये घर घुसवलंय असं मनात आणू नकोस. मुलं त्या जिन्यावरून पहिल्यापासून पळताहेत.

हा कायदा झाला तेव्हा पंतप्रधान कोण होता? ज्याचं चित्र तुमच्या दारासमोरच्या खांबावर लटकतंय तो, ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पाटीचा रंग उडालाय म्हणून ती उतरवायचं तुमच्या मनात आहे. बाळा, ती उतरवू नकोस. हा माणूस ड्यूक होण्याआधी नुसता वेलस्ली होता, आणि २३ सप्टेंबर १८०३ ला तो आपल्या जालना जिल्ह्यात होता. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईपाशी त्यानं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला गाठलं. जिंकला खरा, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. आपले गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. नेपोलियनला हरवलं ती वॉटर्लूची लढाई नंतरची. तुझ्या आजोबांनी मला असईचं ते रान चालत नेऊन दाखवलं होतं. नातवाला त्या पाटीखाली उभं करून हे सांग, आपल्या बाजूनं सांग. त्या आजींनाही सांग. पाटीवरचा माणूस तुझ्या माहेरच्या मातीत लढून गेलाय, हे त्यांना आणखी कोण सांगणार?

आता माझ्या धंद्याचं. उत्तरेच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा थापून वर प्लास्टिक पेंट दिलाय. आतली ओल त्यानंच आहे. जुनी मऊ वीट आणि चुना थोडं पाणी पितात आणि उन्हा-वाऱ्यात ते परत सोडतात. सिमेंटनं बाहेरची वाट बंद केली की पाणी आतल्या खोलीत उतरतं. ओल थांबवणारी रसायनं टोचून घेऊ नका, पैसे जातील. सिमेंट हलक्या हातानं, छिन्नीनं उतरवा, विटेचं तोंड फुटता कामा नये, आणि चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधा. यालाही संमती लागेल, एकाच अर्जात घाला. खात्यात असताना मी घाणीवर मळलेल्या चुन्याची कामं करून घेतली आहेत. चुन्याला घाई खपत नाही. थंडीत तर मुळीच करू नका, गोठलं की भुगा होतो.

तळघराला आतून सिमेंट लावायचा बेतही सोडा. तिथे पिंपं ११ ते १३ अंशांवर राहावीत म्हणून यंत्र चालायचं, ते काढल्यापासून हवा कोंडली आहे. रस्त्याकडची, पिंपं घसरवायची झडप आहे तिथे जाळी बसवा आणि हवा खेळू द्या. आई म्हणते लोणच्याच्या बरण्यांना यापेक्षा चांगली जागा नाही.

आणि काउंटर ठेवायचंच आहे तर त्याचा उपयोग कर. चर्चच्या घंटा वाजवणारी मंडळी आठवड्यातल्या एका संध्याकाळी सराव करतात आणि सराव संपला की पबमध्ये बसतात, ही तिकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तुमच्या गावातली मंडळी आता सरळ घरी जातात, असं तूच म्हणालीस. महिन्यातून एकदा त्यांना पुढच्या खोलीत बोलाव, आजींनाही बोलाव. विकायला परवाना लागतो, पाहुण्यांना पाजायला लागत नाही. चहा कर, ज्यांना बिअर हवी त्यांना बिअर दे, बरोबर साबुदाण्याचे वडे. काउंटरवरची ती पितळी घंटा वाजवायचं काम नातवाकडे दे. फक्त खरेदीखतात दारूविक्रीबद्दल काही अट घातली आहे का ते वकिलाकडून एकदा वाचून घ्या. अशा विक्रीत कंपन्या पुष्कळदा ती घालतात.

जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी तळघराच्या चारही कोपऱ्यांचे फोटो पाठव, आणि उत्तरेच्या भिंतीचा पायाजवळचा एक. ते बघितल्यावर अर्जासोबत जोडायचं टिपण मी लिहून देईन, इंग्रजी तू नीट कर. जावईबापूंना नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझे,
बाबा